आठ वाजताची वाटी

आचलच्या अंगावर पुरळ उठलं, त्या दिवशी तिच्या आईनं शिरा केला.

आमच्या धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ओळीनं नऊ शेगड्या होत्या. तिसरी वनमालाची. मी पाण्याच्या पिंपाशी होते आणि तुपात रवा भाजल्याचा वास आला. त्या घरात तुपाचा वास क्वचित यायचा. तिथं राहणाऱ्या बायांची मुलं समोरच्या दवाखान्यात रक्ताच्या कॅन्सरवर उपचार घेत होती. गोडाधोडाचं निमित्त कुठून येणार?

"काय गं, कोणाचा वाढदिवस?" मी विचारलं.

"वाढदिवस नाही जी. आचलले पुरळ आलं. पाठीवर, पोटावर, सारीकडं."

"आणि म्हणून शिरा?"

"मंग काय त. कॅप्सूलमदी खरं औषध हाये म्हनूनच आलं ना. नुसती भुकटी राह्यली असती त आलं असतं का?"

शेजारच्या शेगडीवर अनुसया भाकरी करत होती. तिनं मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकली ती टाकलीच, उलटायची विसरली. करपल्याचा वास तुपाच्या वासात मिसळला तेव्हा मीच पुढं होऊन गॅस बारीक केला.

"प्रतीकला काहीच येईना बगा," अनुसया तव्याकडं बघत म्हणाली. "अंग कसं चांदीच्या ताटावानी हाय. उलटी न्हाई, खाज न्हाई. लेकरू खेळलालंय."

मूल खेळतंय हे तिनं अशा आवाजात सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, त्याला काहीतरी भयंकर झालंय.

वनमालानं शिऱ्याची पहिली वाटी भरली ती अनुसयाला दिली. दुपारी ती वाटी शेंगदाण्याची चटणी घालून परत आली. आमच्याकडं रिकामी वाटी कोणी परत करत नसे. यवतमाळची, किनवटची, बालाघाटची, कुठलीही बाई येवो, चार दिवसांत तिला हे कोणी न सांगता कळायचं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, नागपुरातली. एका ट्रस्टच्या त्या धर्मशाळेत मी व्यवस्थापक होते. पाटीवर तसं लिहिलं होतं. खरं म्हणजे मी पाणी भरून घ्यायची, खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायची, भांडणं सोडवायची आणि जिन्याखालच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यावर ट्रस्टनं ती खोली दिली होती. शिक्षण सातवी. पण समोर दवाखाना असला की माणूस शिकतोच. औषधांच्या खोक्यांतले कागद मी उलगडून वाचायची. इंग्रजी अक्षरं तशीच लागली. पांढऱ्या पेशी, लाल पेशी, मज्जा कुठून काढतात, सुई कशी टोचतात, सगळं पाठ. नव्या आया डॉक्टरांना विचारायच्या आधी मला विचारायच्या आणि मला ते आवडायचं. हे मी आधीच सांगून ठेवते.

डॉक्टर सबनीस बाईंचं मराठी फार शुद्ध होतं, त्यामुळं कोणाला कळत नसे. म्हणून त्या समजावून सांगायच्या वेळी मला बोलावून घ्यायच्या. त्या वर्षी त्यांच्याकडं एक नवं औषध तपासायला आलं होतं. ज्या मुलांचा आजार एकदा बरा होऊन उलटला, त्यांच्यासाठी. आचल सात वर्षांची आणि प्रतीक सहा, दोघांचाही उलटलेला. नेहमीची इंजेक्शनं सगळ्यांना मिळणार होती. त्याशिवाय रोज सकाळी एक कॅप्सूल. निम्म्या मुलांच्या कॅप्सूलमध्ये औषध आणि निम्म्यांच्यात तशीच दिसणारी, काही न करणारी भुकटी. कोणाला काय, हे संगणक ठरवणार. आईला माहीत नाही, मुलाला नाही, डॉक्टरलाही नाही. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक सीलबंद पाकीट डॉक्टरांच्या कपाटात असायचं. जिवावर बेतलं तरच ते उघडायचं.

सह्यांच्या दिवशी मी हे वनमाला आणि अनुसयाला माझ्या भाषेत सांगितलं. दोघींचे नवरे गावी परतले होते. वनमालानं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, "म्हंजे पंगतीत दोन लेकरं बसली, अन् एकाले वाढाचं, एकाले नुसतं पान मांडून द्याचं?"

"ताटात जे वाढतोय ते अन्न आहे की अपाय, हेच आम्हांला अजून माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ज्याला मिळालं नाही तोच कदाचित सुखरूप राहील. म्हणून तर तपासायचं."

अनुसयानं खाली बघत विचारलं, "तुमचं सोताचं लेकरू असतं तर?"

डॉक्टर सबनीसांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "तरी मी चिठ्ठीच काढली असती."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली आणि आदरही वाटला. दोघींनी सह्या केल्या. अनुसयानं सही केली आणि शेजारी अंगठाही उठवला, कोणी मागितला नसताना. पक्कं असावं म्हणून.

कॅप्सूल सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी. लहान मुलांना गिळता येत नाही म्हणून ती उघडून साखरेच्या पाण्यात कालवायची. आठ वाजले की मी जिन्यात उभी राहून उलथण्यानं थाळी वाजवायची आणि मग प्रत्येक आईच्या वहीत त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करून घ्यायची. आठवड्यानं बाटल्यांतल्या उरलेल्या कॅप्सूल मोजल्या जायच्या. आमच्या वह्या आणि आमच्या बाटल्या यांच्यात कधी एका दाण्याचा फरक पडला नाही. डॉक्टर म्हणायच्या, "शकूताई, तुमच्याइतकी शिस्त वॉर्डातसुद्धा नाही." मी दोन दिवस त्या वाक्यावर जगायची.

शिऱ्यानंतर दोनअडीच आठवडे गेले. उन्हाळा चढला. कूलरमध्ये पाणी घालायचं काम वाढलं. आचलचं पुरळ मावळलं. वनमाला त्याबद्दल काही बोलली नाही आणि अनुसयाचा चेहरा मात्र उजळला होता. दोघी एकमेकींच्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत, एकाच ताटात मुलांना भरवत. बाकीच्या आया थट्टा करत, "काय वो, सोयरीक जमवता का काय?" वनमाला म्हणायची, "पोरगा काळा हाये, पन चालन."

मग एका गुरुवारी, औषधाची वेळ होऊन गेल्यावर, प्रतीक अंगणातल्या नळावर तोंड धूत होता. मी पिंप घासत होते. त्यानं वर बघितलं, उन्हात, आणि हसला. त्याचे दात पांढरे होते आणि डोळे हळदीसारखे.

"तुझी शू कशी होते रे?" मी विचारलं.

"चहासारखी," तो म्हणाला. "कोरा चहा."

"कधीपासून?"

"परवापासून. मी आईला नाही सांगितलं. सुई लावतात."

तासाभरात तो वॉर्डात होता. दुपारपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर सबनीसांनी अनुसयाला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि सोबत मला. कपाट उघडून त्यांनी एक तपकिरी पाकीट काढलं, आमच्या समोर कडेनं कापलं, आतली चिठ्ठी वाचली. त्यांचे खांदे थोडे खाली आले.

"कोरं आहे," त्या म्हणाल्या. "याच्या कॅप्सूलमध्ये औषध नव्हतंच. नुसती भुकटी. म्हणजे ही कावीळ औषधामुळे नाही. औषधाचा काही संबंध नाही. मला वाटतं रक्तात बुरशी शिरली आहे. या मुलांमध्ये होतं तसं. कॅप्सूल बंद करू, आणि बुरशीचं औषध आजच सुरू करू. ते यकृतावर जड असतं, पण इलाज नाही."

मी अनुसयाकडं पाहिलं. मुलाला औषध मिळतच नव्हतं हे ऐकून ती कोसळेल असं मला वाटलं होतं. ती कोसळली नाही. तिनं फक्त विचारलं, "औषधानं न्हाई झालं म्हंता?"

"नाही. खात्रीनं नाही."

"मग बरं," ती म्हणाली.

डॉक्टरांना ते विचित्र वाटलं नसावं. आया कशालाही बरं म्हणतात.

शुक्रवारी प्रतीकच्या नाकातून रक्त आलं. शनिवारी तो झोपेतून नीट जागाच होईना. हाक मारली की डोळे उघडायचा, त्या पिवळ्या डोळ्यांनी कोणाकडं तरी बघायचा, पण ते आपल्याकडं नसायचं. बुरशीच्या औषधाची बाटली वरून थेंबथेंब चालू होती. डॉक्टर दिवसातून चार वेळा येऊन जात. येताना एक चेहरा, जाताना दुसरा.

रविवारी आठची थाळी वाजवून मी वह्या घेऊन फिरत होते. वनमालाची खोली सात नंबरची. ती नेहमीच्या जागी नव्हती. दाराशी गेले तर ती घाईनं बाहेर आली, हातात स्टीलची वाटी आणि वर बशी झाकलेली.

"कुठं निघालीस?"

"अनुसयाकडं. प्रतीकले जरासं..."

"त्याला तोंडानं काही द्यायचं नाही, माहीत आहे ना तुला?"

"जरासंच हाये."

मी बशी उचलली. वाटीत दोन चमचे गढूळ पाणी होतं, तळाशी साखर न विरघळलेली.

स्वयंपाकघरात कोणाचा तरी कुकर शिटी द्यायच्या बेतात होता. आम्ही दोघी वाटीकडं बघत उभ्या राहिलो.

"हे आचलचं औषध आहे," मी म्हणाले.

"निम्मं हाये. निम्मं तिले देल्लं."

"आणि काल?"

"काल बी. परवा बी. मीच नेतो." तिनं पदरानं ओठ पुसले. "अनुसयानं निरोप धाडला ना जी. म्हने, डाक्टर सोताच्या तोंडानं म्हनल्या का औषधाचा काही संबंध नाही. मंग औषध काहून तोडाचं? असं बी त्याच्या बाटलीत काही नाही हे आता ठावकं झालं. आमच्याच बाटलीत हाये. मंग मी नाही देऊ त कोन देईन?"

 तिचं बोलणं इतकं सरळ होतं की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, त्यात लिहिलं होतं की हे मूल औषध घेत नाही. त्यावरून त्यांनी ठरवलं की दोष बुरशीचा. आणि ते मूल रोज सकाळी वाटीतून औषध घेत होतं, आणि वरून बुरशीचं औषधही, दोन्ही त्याच यकृतावर.

"चल," मी म्हणाले. वाटी मी माझ्या हातात घेतली.

"शकूताई." तिनं माझं मनगट धरलं. जोरानं नाही. "तिथं सांगू नका. आचलचं नाव कापतील. तिले लागू पडून राह्यलं ना. मागच्या तपासनीत खराब पेशी कमी आल्या, तुम्हीच वाचून दाखवलं. निम्म्यात एवढं, त आता पूर्न देतो मी उद्यापासून. अनुसयाले म्हनतो, आता नाही. पन सांगू नका."

"प्रतीक मरेल, वनमाला."

"अन् नाव कापलं त आचल नाही मरन?"

मी मनगट सोडवून घेतलं. मी रस्ता ओलांडला. रविवार असल्यानं गाड्या नव्हत्या, तरी मी दोनदा थांबले, कारण वाटीतलं पाणी डुचमळत होतं आणि ते सांडू नये असं मला वाटत होतं. डॉक्टरांना दाखवायला काही हवं ना. मागून वनमाला येत होती, आचलला कडेवर घेऊन. सात वर्षांची पोर, चालता येत होतं तिला. पण तिनं कडेवरच घेतलं होतं.

डॉक्टर सबनीस प्रतीकच्या खाटेशीच होत्या. अनुसयानं माझ्या हातातली वाटी पाहिली आणि भिंतीला टेकली.

"डॉक्टर, याच्या पोटात औषध जातंय," मी म्हणाले. "आचलच्या बाटलीतलं."

त्यांनी वाटी घेतली, नाकाशी नेली, मग खाटेशेजारच्या कपाटावर ठेवली. काही विचारण्याआधी त्यांनी सिस्टरला हाक मारून बुरशीच्या औषधाची नळी बंद करायला लावली. मग स्टूल ओढून त्या बसल्या. मी त्यांना वॉर्डात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कसं?" त्यांनी अनुसयाला विचारलं.

अनुसया बोलली ती खाटेच्या पायाकडं बघत. "दोनी कॅप्सुली एकाच वाटीत फोडायच्या. पाणी घालायचं. चमच्यानं मोजून निम्मं तिला, निम्मं याला. कोनाच्या बाटलीत खरं हाय ते देवाला ठाऊक होतं. एकात केल्यावर दोघांलाबी लागलं ना."

"किती दिवस?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"चार," अनुसया म्हणाली.

"चारपाच," वनमाला म्हणाली.

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "चार दिवस, निम्मा डोस. त्यानं यकृत इतकं बिघडत नाही. तीनतीन आठवडे पोटात गेलं तर बिघडतं, तसं आम्हांला कळवलं आहे. चार दिवसांत नाही." त्या उठल्या आणि वर टांगलेल्या बाटलीकडं पाहिलं. "म्हणजे बुरशी आहेच. ते औषध थांबवून चालणार नाही. सिस्टर..."

अनुसया मान खाली घालून उभी होती. वनमालानं आचलचं डोकं खांद्यावर दाबून धरलं होतं. दोघींना वाटत होतं, आकडा लहान सांगितला की गुन्हा लहान होतो. डॉक्टर त्या आकड्यावर औषध ठरवत होत्या, हे त्यांना कसं कळावं?

सिस्टरचा हात नळीच्या चाकावर गेला.

"एकोणीस," मी म्हणाले.

"काय?"

"एकोणीस दिवस. आजचा धरला नाही तर. सतरा तिथं आणि दोन इथं."

सिस्टरचा हात तिथंच थांबला. डॉक्टर सबनीस माझ्याकडं वळल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"तुम्हांला कसं माहीत, शकूताई?"

वॉर्डात सहा खाटा होत्या. सगळ्या आया आमच्याकडं बघत होत्या.

"मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं."

आतापर्यंत मी हे तुम्हांलाही सांगितलं नव्हतं. शिऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आठची थाळी वाजवल्यावर, सात नंबरचं दार अर्धं उघडं होतं. आत दोघी जमिनीवर बसल्या होत्या, मधे एक वाटी, दोन्ही मुलं समोर, पंगतीला बसवल्यासारखी. वनमाला चमच्यानं मोजत होती, डॉक्टरही मोजणार नाहीत इतकं नीट. एक चमचा तिला, एक त्याला. मी पाहिलं आणि परत फिरले. त्यानंतर एकोणीस सकाळी मी थाळी वाजवली. वहीत बरोबरची खूण केली. शिस्तीबद्दल शाबासकी घेतली.

मला ते बरं वाटलं होतं, खरं तेच सांगते. संगणकाला जे जमलं नाही ते या दोघींनी एका वाटीत करून टाकलं, असं मला वाटलं होतं. कागद वाचून शिकलेली बाई मी. निम्म्या औषधानं आजार निम्मा बरा होत नाही, हे कागदात होतं. पण वाटीकडं बघताना कागद आठवत नाही.

 सिस्टरला डॉक्टरांनी मानेनं नाही म्हटलं. सिस्टरनं बुरशीची बाटली काढून नेली. डॉक्टरांनी आचलचं पाकीटही मागवून तिथंच कापलं; त्यात औषध होतं. मग त्यांनी मला फक्त एक वाक्य म्हटलं.

"गुरुवारी मी पाकीट उघडलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात."

उभी होते. त्या म्हणाल्या औषध नाही, तेव्हा मला माहीत होतं की आहे. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी स्वतःला सांगितलं, डॉक्टर एवढ्या खात्रीनं म्हणतात तर असेल बुरशी, मी सातवी शिकलेली. एरवी मला माझी सातवी कधी आठवत नसे. त्या खोलीत ती बरोबर आठवली. आणि जिन्याखालची खोलीही आठवली, तिची खिडकी, तिचं कुलूप. तीन दिवस ते मूल दोन औषधांखाली पडून होतं.

"माझ्या लेकराचं नाव काढा यातून," अनुसया एकदम म्हणाली. "आचलचं चालू ठेवा. तिनं दिलं म्हनून झालं, मागितलं मी होतं."

"मी वर, तपासणी चालवणाऱ्यांना लिहीन," डॉक्टर म्हणाल्या. "विनंती करीन. पण एकोणीस दिवस तिला निम्माच डोस गेला आहे. तिच्यावरून आता काही ठरवता येणार नाही, असं ते म्हणतील."

आठ दिवसांनी उत्तर आलं. तसंच म्हणाले. दोन्ही नावं कापली.

प्रतीकचे डोळे पांढरे व्हायला तीन आठवडे लागले. त्यानंतर त्याला नेहमीची इंजेक्शनं मिळत राहिली आणि ती त्याला लागू पडली, का ते कोणाला सांगता आलं नाही. तो आज किनवटला टेम्पो चालवतो. आचलच्या खराब पेशी जुलैत परत वाढल्या. ती त्या भादव्यात गेली. पुढं काही वर्षांनी ती तपासणी पूर्ण झाली तेव्हा डॉक्टर सबनीसांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, की ज्यांना पूर्ण औषध मिळालं त्यांच्यातली जास्त मुलं वाचली. फार जास्त नाही, पण जास्त. हे त्यांनी मला का सांगितलं, मी विचारलं नाही. ट्रस्टला त्यांनी काय कळवलं होतं तेही मला कळलं नाही. खोली राहिली. त्या रविवारनंतर मात्र आयांना समजावून सांगायला त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. थाळी वाजवायला दवाखान्याची मुलगी येऊ लागली.

वनमाला जुलैच्या शेवटी आचलला घेऊन गावी निघाली. डॉक्टर म्हणाल्या होत्या, आता घरीच ठेवा, तिला आवडेल ते खाऊ घाला. तिनं शेगडी राखेनं घासून लख्ख केली, ओटा पुसला, किल्ली माझ्या हातात दिली. रिक्षा दारात उभी होती. आचल आत बसली होती, पावसात हात बाहेर काढून.

"प्रतीक जेवते का आता?" तिनं विचारलं.

"दोन पोळ्या खातो."

"बरं झालं."

मी किल्ली मुठीत धरून उभी होते. "तुला माझा राग येत नाही का गं?"

"राग कशाचा जी? तुम्ही आकडा सांगतला म्हनून पोरगं वाचलं." ती पिशवी उचलायला वाकली, मग तशीच थांबली. "एक सांगू का? त्या पहिल्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होत्या, मले दिसल्या होत्या. माहा हात थरथरत होता. मी मनात म्हनलं, शकूताई आत आल्या अन् नाही म्हनल्या, त सारं मोरीत ओततो. एवढं शिकल्यासवरल्या हायेत, त्यायले ठावकं राहीन. तुम्ही जराशा थांबल्या, अन् काही न म्हनता परत गेल्या. मंग मले वाटलं, बरोबर असन. तवा हात थांबला माहा."

रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. तिनं पिशवी उचलली, पायऱ्या उतरली, आचलचा हात आत घेऊन पदरानं पुसला. जाताना दोघींनी माझ्याकडं पाहून मान हलवली.

मी दारातून परत का फिरले होते, ते मी तिला सांगितलं नाही. स्वयंपाकघरात माझं दूध गॅसवर होतं. ते उतरवून यावं, मग बोलू, असं त्या वेळी माझ्या मनात होतं.

दूध वेळेवर उतरवलं मी. थेंबही उतू गेला नाही.